एपिसोड झालाच नाही

रविवारची दुपार होती. वसईला ताईकडे सुरमईवर यथेच्छ ताव मारून मी सोफ्यावर आडवी झाले होते. ताई आणि जिजू आत झोपलेले. टीव्हीवर कुठलंतरी कार्टून चालू आणि त्याच्यासमोर आमचे भाचेबुवा, इयत्ता सहावी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. जाहिराती लागल्या तशी स्वारी माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"माऊ, एक सिक्रेट सांगू? पण प्रॉमिस कर, मम्मीला नाही सांगणार."

आईला जे सांगता येत नाही ते ऐकण्यासाठीच मावशी नावाचं पद निर्माण झालेलं असतं. मी लगेच प्रॉमिस करून टाकलं. म्हटलं, युनिट टेस्टमध्ये दिवे लावले असतील. नाहीतर जिजूंच्या मोबाईलवर गुपचूप कुठला तरी गेम डाउनलोड केला असेल.

"आमच्या वर्गात एक मुलगा आहे ना, लास्ट बेंचवरचा, त्याच्याकडे खरी बंदूक आहे. छोटीवाली. तो शुक्रवारी शाळेत आणणार आहे."

मी उठून बसले. "कशाला?"

"सगळे त्याला त्रास देतात म्हणून."

हे त्याने इतक्या सहजपणे सांगितलं, जणू काही शुक्रवारी पीटीचा तास आहे. मी आणखी खोदून विचारलं. मग कळलं की त्या मुलाचे पप्पा बँकेची कॅश नेणाऱ्या गाडीवर गार्ड आहेत. त्यांच्याकडे बंदूक असते हे सगळ्या वर्गाला माहीत. तेवढ्यात जाहिराती संपल्या आणि साहेब परत टीव्हीसमोर जाऊन बसले.

तुम्ही म्हणाल, यात विचार कसला करायचा? ताईला उठवायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. शंभर टक्के बरोबर. पण मी नाही सांगितलं. संध्याकाळी ताईच्या हातचा चहा प्यायले, डबा भरून घेतला, वसई रोडवरून ट्रेन पकडली आणि विरारला माझ्या घरी आले. सिक्रेट तसंच पर्समध्ये.

का नाही सांगितलं? त्या वेळी माझ्याकडे भरपूर कारणं होती. एक तर प्रॉमिस केलेलं. दुसरं म्हणजे पोरं काहीही फेकतात. मीही सहावीत असताना आमच्या गच्चीवर बिबट्या येतो असं वर्गात सांगितलं होतं. तिसरं, आपण उगाच बोभाटा केला आणि ते खोटं निघालं तर? एका गरीब घरातल्या मुलाच्या मागे शाळा लागायची, मग पोलीस लागायचे. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे, अरे, ही वसई आहे, अमेरिका थोडीच आहे!

गंमत बघा, शाळेतल्या बंदुकीच्या बाबतीत असं गप्प बसलं की काय होतं, हे मला माहीत होतं. आणि तेही एका कार्टूनमुळे.

मी तिशी पार केलेली, बऱ्यापैकी पगार घेणारी, पीएफ वगैरे कापला जाणारी बाई आहे आणि मला सुपरहिरोंची कार्टून्स आवडतात. ऑफिसात यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. पण काय करणार? भारतात कार्टून नेटवर्क १९९५ साली आलं आणि आमच्या विरारच्या घरात केबलवाल्याने ते आणून सोडलं. बाबा बातम्यांसाठी ओरडत असायचे आणि मी बॅटमॅनमध्ये बुडालेली. तेव्हापासून ते वेड काही सुटलेलं नाही.

या वेडापायी एक गोष्ट लक्षात आली होती. या कार्टून्समध्ये बंदुका ढीगभर असतात, पण बंदुकीने जे होतं, ते होत नाही. ऐंशीच्या दशकातल्या 'जी. आय. जो'मध्ये दोन्ही पार्ट्यांकडे लेझर. लाल-निळे किरण सुंई सुंई करत उडणार, विमानाचा भडका उडणार आणि पायलट न चुकता पॅराशूट घेऊन बाहेर पडणार. १९९४च्या 'स्पायडरमॅन' मालिकेतही तेच, खऱ्याखुऱ्या बंदुकांऐवजी लेझरसारखी हत्यारं. याचं कारण सरळ होतं. मुलांच्या कार्यक्रमात काय दाखवायचं, काय नाही, यावर अमेरिकन चॅनेल्सचे नियम कडक होते. बंदूक दाखवली तर मूल घाबरेल किंवा नक्कल करेल. मग बंदुकीची पिचकारी करून टाकायची!

बॅटमॅनची तर वेगळीच पंचाईत. त्याची सगळी कथाच मुळी एका गल्लीत झाडलेल्या गोळ्यांपासून सुरू होते. लहानग्या ब्रूसच्या डोळ्यांदेखत त्याचे आईवडील मारले जातात. पण १९९२च्या गाजलेल्या मालिकेत ते थेट दाखवायची सोय नव्हती. मग ते सुचवायचं. सावल्यांतून, आठवणीतून, स्वप्नातून. आणि खरं सांगू? सुचवलेलं जास्त लागतं.

१९९९मध्ये 'बॅटमॅन बियाँड' आली. त्यातल्या पहिल्याच भागाची सुरुवात मी आजवर कितीतरी वेळा पाहिली असेल. बॅटमॅन म्हातारा झालाय. एका मुलीला सोडवायला गेलेला असताना त्याच्या छातीत कळ येते. गुंड त्याला बदडायला लागतो. नाइलाजाने तो खाली पडलेलं पिस्तूल उचलतो आणि त्या गुंडावर रोखतो. गुंड पळून जातो. गोळी सुटत नाही, कुणी मरत नाही. पण बॅटमॅन हातातल्या त्या पिस्तुलाकडे बघत राहतो. मग घरी येऊन सूट काचेच्या कपाटात ठेवतो, गुहेतले दिवे बंद करतो आणि रिटायर होतो. लेझरच्या हजार किरणांनी जे सांगितलं नाही, ते या दोन-तीन मिनिटांनी सांगितलं.

पण मला जी मालिका सांगायची आहे, ती वेगळी. 'स्टॅटिक शॉक'. माझ्या पहिल्या नोकरीत एक कार्टूनवेडा सहकारी होता, त्याने ती मला हार्डडिस्कवर भरून दिली. २००० ते २००४ या काळात अमेरिकेत ती चालली. व्हर्जिल हॉकिन्स नावाचा एक काळा, चष्मेबहाद्दर नाही पण अभ्यासू, जरासा बडबड्या शाळकरी मुलगा. अंगात वीज खेळवण्याची ताकद. त्याच्या जोरावर पोरगा एका धातूच्या तबकडीवर उभा राहून आकाशात हिंडतो. हे पात्र निर्माण केलं माइलस्टोन नावाच्या कॉमिक्स कंपनीने. ड्वेन मॅकडफी आणि त्याच्या कृष्णवर्णीय साथीदारांनी ती १९९३मध्ये सुरू केली होती. आपल्यासारखी दिसणारी माणसं सुपरहिरोंमध्ये फारशी दिसत नाहीत, ही त्यांची तक्रार. ती त्यांनी नुसती केली नाही, तर कामाला लागले.

व्हर्जिलची आई दंगलीत गोळी लागून गेलेली आहे. आणि पहिल्याच भागात काय होतं? दोन टोळ्यांच्या मारामारीत कुणीतरी त्याच्या हातात पिस्तूल कोंबतं. तो ते फेकून देतो. त्यानंतर तिथे स्फोट होतो, गॅस पसरतो आणि त्याला ती ताकद मिळते. म्हणजे हिरो होण्याच्या आधीच त्याने एक मोठं काम केलेलं आहे.

पुढे २००२मध्ये या मालिकेचा 'जिमी' नावाचा भाग आला. कोलंबाईन हायस्कूलमधल्या १९९९च्या गोळीबाराला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. सगळी अमेरिका त्या विषयाने हादरलेली, आणि यांनी तो शनिवार सकाळच्या कार्टूनमध्ये आणला. जिमी हा व्हर्जिलच्या शाळेतला एक बुजरा मुलगा. वर्गातला एक दांडगट त्याला रोज छळतो. धक्के मारतो, चारचौघांत त्याचा पोपट करतो. जिमीच्या घरी वडिलांचं पिस्तूल आहे. आणि व्हर्जिलला हे माहीत आहे.

या भागात व्हिलन नाही. लेझर नाही. जग बुडवायला निघालेला वेडा शास्त्रज्ञ नाही. एक दुखावलेला मुलगा आहे, एक मस्तवाल मुलगा आहे आणि काय करावं ते न कळणारा एक मित्र आहे. जिमी ते पिस्तूल घेऊन शाळेत येतो. झटापट होते, गोळी सुटते आणि लागते कुणाला? छळणाऱ्याला नाही. व्हर्जिलचा जिवलग दोस्त रिची, त्याच्या पायाला. हातातून वीज सोडणारा आपला हिरो तिथेच असतो आणि तरी हे घडतं.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा जरा वैतागले होते. म्हटलं, हे काय, सुपरहिरो असून काहीच जमलं नाही? मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. लेखकाला हेच तर म्हणायचं होतं. गोळी सुटली की ताकदीचा उपयोग संपला. ताकद वापरायची ती गोळी सुटायच्या कितीतरी आधी, आणि ती ताकद विजेची नव्हेच. कुणीतरी कुणालातरी जाऊन सांगायचं, एवढीच ती ताकद. या भागाला २००३मध्ये ह्युमॅनिटास पुरस्कार मिळाला. मी तर तेव्हापासून भेटेल त्याला या भागाची स्टोरी सांगत आले. कॅन्टीनमध्ये यावर भाषणं ठोकली.

आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा? पर्समध्ये सिक्रेट घालून विरार.

सोमवार गेला. मंगळवारीही मी ऑफिसात प्रेझेंटेशनच्या नावाखाली सगळं विसरल्याचं नाटक केलं. रात्री न राहवून नेटवर बघितलं. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'चा २०१७चा अंदाज सापडला. अमेरिकेत सामान्य माणसांच्या हाती दर १०० जणांमागे सुमारे १२० बंदुका. भारतात सुमारे ५. झालं, मला हवं ते मिळालं. आपल्याकडे लायसन्सशिवाय बंदूक ठेवता येत नाही, १९५९चा कायदा आहे, उगाच टेन्शन घेण्यात अर्थ नाही. मी शांत झोपले.

बुधवारी सकाळी नेहमीची विरार फास्ट. लेडीज डब्यात मला नशिबाने दाराजवळची हवेशीर जागा मिळाली. हवेशीर म्हणजे चार जणींच्या खांद्यांमधून हवा येते अशी. गाडी नालासोपाऱ्याला थांबली आणि अचानक मला ३१ जुलै २०२३ आठवला.

तोही सोमवारच होता. पावसाळी पहाट. जयपूरहून मुंबई सेंट्रलला येणारी सुपरफास्ट पालघर सोडून आमच्याच रुळांवरून पुढे येत होती. त्या गाडीत आरपीएफच्या एका कॉन्स्टेबलने आपल्या वरिष्ठाला गोळ्या घातल्या आणि नंतर वेगवेगळ्या डब्यांत जाऊन तीन प्रवाशांना. चौघंही गेले. त्या तिघांतले एक गृहस्थ नालासोपाऱ्याचे. त्या सकाळी आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला तो "गाड्या लेट आहेत का गं?" असा. मग एकेक बातमी येत गेली आणि लेडीज डब्यात, जिथे भाजी निवडता निवडता जगाचा निकाल लावला जातो, तिथे कुणी बोलेना. ती बंदूक चोरीची नव्हती. प्रवाशांच्या रक्षणासाठी सरकारने दिलेली होती.

आणि नालासोपारा स्टेशन म्हटलं की आमच्या बाबांच्या पिढीला आणखी एक आठवण असते. १९८९ची. याच स्टेशनात एका बिल्डरला गोळ्या घालून मारलं होतं. मी लहान असताना मोठी माणसं हा विषय निघाला की आवाज खाली करायची आणि आम्हाला "जा, बाहेर खेळा" म्हणायची. आमच्या गावात बंदुकीबद्दल बोलायची पद्धत हीच. आवाज खाली, पोरं बाहेर. अमेरिकन चॅनेलवाले बंदुकीचं लेझर करायचे, आम्ही तिची कुजबुज करायचो. दोन्हीकडे एकच हिशोब, मुलांना कळायला नको. आणि मुलांना तर सगळं कळलेलं असतं. शुक्रवार हा वारसुद्धा.

दर शंभरामागे पाच. मी मनात तो आकडा परत म्हणून बघितला. पण एका वर्गात गोळी सुटायला शंभरामागे एकशेवीस लागत नाहीत. एक पुरते.

फोन करावा तर डब्यात पंचवीस कान. मध्येच उतरावं म्हटलं तर, विरार फास्टमधून बोरिवलीच्या आधी उतरायचं स्वप्न बघणाऱ्या बाईचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. शेवटी एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने ताईला व्हॉट्सअॅप केलं. सगळं. प्रॉमिससकट. आणि शेवटी लिहिलं, "रविवारीच सांगायला हवं होतं. सॉरी."

ताईने मला शिव्या घातल्या नाहीत. तिचा एका ओळीचा रिप्लाय आला. "मी शाळेत निघाले."

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. क्लास टीचर शहाण्या होत्या. त्यांनी गाजावाजा केला नाही, वर्गात झडती घेतली नाही. मधल्या सुट्टीत त्या मुलाला स्टाफरूममध्ये बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि विचारलं. शुक्रवारची वाट बघायची गरजच नव्हती. दप्तराच्या आतल्या कप्प्यात ती आधीपासूनच होती. पिस्तुलाच्या आकाराचा लायटर. जत्रेत मिळतो तसा, चाप ओढला की नळीतून ज्योत निघते. हुबेहूब खरा वाटणारा.

हुश्श म्हणालात ना? मीही म्हणाले. पण टीचरनी त्या पोराला विचारलं, याचं तू काय करणार होतास? तो म्हणाला, "त्यांच्यावर धरणार होतो. म्हणजे ते एकदा तरी घाबरले असते." मग त्याने त्रासाचं सांगायला सुरुवात केली. जूनपासूनचं. डबा ओतून देणं, बाथरूमची बाहेरून कडी लावणं, "वॉचमन, गेट खोल" म्हणून ओरडणं. रोज. टीचर म्हणे ऐकता ऐकता रडायला लागल्या.

त्याच्या वडिलांना बोलावलं. ते युनिफॉर्मवरच आले. कुणी काही विचारायच्या आत हात जोडून म्हणाले, "मॅडम, माझी बंदूक रोज संध्याकाळी कंपनीत जमा होते. सही करून देतो मी. घरी कधीच आणत नाही." ताई सांगते, तो माणूस हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. आपल्या मुलाला सहा महिने कोण छळतंय, हे विचारायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. ते नंतर टीचरनीच त्याला सांगितलं.

आता शाळेने त्रास देणाऱ्या चौघांच्या आईवडिलांना बोलावलं आहे, समुपदेशक मॅडम दर आठवड्याला वर्गात येतात. सगळं एका झटक्यात गोड झालं असं मी म्हणणार नाही. त्या चौघांपैकी एकाच्या वडिलांनी "पोरं आहेत, मस्करी करायचीच" असं ऐकवलंच. आणि खरं सांगायचं तर, त्या मुलाला कुणाचं तरी लक्ष वेधून घ्यायला लायटर आणावा लागला, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. आमचे भाचेबुवा त्या चौघांत नव्हते. पण जूनपासून बघत ते होतेच. बघून हसतही असतील. ते मी त्याला विचारलं नाही. त्याने आपण होऊन ताईला सांगितलं, एका रात्री, दिवा बंद झाल्यावर.

माझ्याशी मात्र त्याने कट्टी घेतली. पुढच्या रविवारी मी गेले तर दार उघडून, "मम्मी, मावशी आली" एवढंच. माऊ नाही, मावशी! जेवताना नजर वर केली नाही. शेवटी मीच बाजूला जाऊन बसले.

"तू प्रॉमिस केलं होतंस," तो म्हणाला.

"केलं होतं. आणि मोडलं. तीन दिवस उशिरा मोडलं, त्याचं मला वाईट वाटतंय."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. मोठी माणसं प्रॉमिस मोडल्याबद्दल माफी मागतात, उशीर झाल्याबद्दल नाही. मी बॅगेतून ती जुनीपुराणी हार्डडिस्क काढली आणि लॅपटॉपला लावली. नशीब, चालली. 'जिमी'चा भाग लावला. वीसेक मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही. चित्रं त्याला जुनाट वाटली असणार, भाषाही अर्धवट कळली असणार. पण रिचीला गोळी लागली तेव्हा त्याने माझा दंड घट्ट धरला.

संपल्यावर तो बराच वेळ काळ्या स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, "माऊ, पण व्हर्जिलने पहिल्याच दिवशी टीचरला सांगितलं असतं ना, तर हा एपिसोडच झाला नसता."

"नसताच झाला."

"मग बोअर झालं असतं."

"हो. भयंकर बोअर."

त्याने थोडा विचार केला. "आमच्या वर्गात पण शुक्रवारी काहीच झालं नाही. मॅथ्सची टेस्ट झाली फक्त."

"किती मिळाले?"

तो माझ्या कानाशी आला. "सांगतो. पण प्रॉमिस कर, मम्मीला नाही सांगणार."

हे प्रॉमिस मात्र मी आजतागायत पाळलं आहे.